दहावी पांढुर्ण्याची, बारावी काटोलची: भाच्याच्या मेडिकल प्रवेशाबद्दल सल्ला हवा

मंडळी, नमस्कार.

आमचं गाव नरखेड तालुक्यात, मध्यप्रदेशच्या सीमेला लागून. वहिनीचं माहेर सीमेपलीकडच्या पांढुर्ण्याचं. भाचा तिथं मामाकडे राहून दहावी झाला, मग बारावी काटोलला. नीटमध्ये गुण चांगले आहेत, डोमिसाइल आहे, शेत पणजोबांपासूनचं. तरी राज्य कोट्यात तो बसत नाही, कारण दहावीच्या गुणपत्रिकेवर भोपाळच्या मंडळाचा शिक्का आहे. पांढुर्ण्याच्या बाजारात आजही भाव मराठीत होतो हो! कर्नाटक सीमेवरच्या ८६५ गावांतल्या मराठी मुलांना प्रवेशात सवलत आहे, आमच्या बाजूला का नाही?

दादा नागपूर खंडपीठात रिट टाकायचं म्हणतो. संत्र्याच्या आंबिया बहाराचा सौदा झाला, त्याचा इसार वकिलासाठी बाजूला ठेवलाय. वर एक एजंट मागे लागलाय की मुलाची आत्या, म्हणजे मी, परदेशात आहे, तिची सही आणा, एनआरआय कोट्यातून जागा करून देतो. मी सही करू का?

---

ताई, सही अजिबात करू नका.

खासगी कॉलेजातला १५ टक्क्यांपर्यंतचा एनआरआय कोटा २००५ च्या इनामदार खटल्यात सुप्रीम कोर्टाने मान्य केला, पण खऱ्या अनिवासी कुटुंबांच्या मुलांसाठी. पंजाब सरकारने तो काका, मामा, आत्या, मावशी अशा नात्यांपर्यंत ताणला, तेव्हा हायकोर्टाने तो आदेश रद्द केला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानेही पंजाबचं अपील फेटाळलं. तुमची तर नेमकी आत्याचीच सही मागताहेत. उद्या प्रवेश रद्द झाला तर वर्ष पोराचं जाईल.

रिटबद्दल लिहिताना जीव तुटतो. तुमची तक्रार रास्त आहे, सवलतीच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही, पण कोर्टात आशा कमी. राज्याच्या रहिवाशांसाठी जागा राखता येतात, पण सगळ्या नाही, हे १९८४ च्या प्रदीप जैन निकालापासून चालत आलंय. आसामचा नियम तर आपल्याहून कडक, सातवी ते बारावी राज्यातच हवी. तोही सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये कायम ठेवला. जानेवारी २०२५ मध्ये रहिवासाचं आरक्षण घटनाबाह्य ठरलं ते पदव्युत्तर मेडिकलपुरतं. एमबीबीएसला त्याचा उपयोग नाही. दादांना म्हणावं, इसार राहू द्या.

आता जे हातात आहे ते बघा. सरकारी कॉलेजांतल्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्याच्या. तिथं दहावी कुठून केली हे कोणी विचारत नाही. नागपूरच्या एम्सच्या जागाही देशपातळीवरच भरतात. तुम्ही कुणबी असाल तर नीट लक्ष द्या: राज्यात ओबीसींना १९ टक्के, अखिल भारतीय कोट्यात २०२१ पासून २७ टक्के आणि सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये ते वैध ठरवलंय. पण प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यातलं लागतं. राज्याचं नॉन-क्रिमिलेअर दाखवून भागत नाही आणि आपल्याकडची पोरं इथंच अडकतात. उद्याच सेतूवर पाठवा.

इंजिनीअरिंगची सीईटी दिली असेल तर तिथं नियम सैल आहे. आईवडिलांपैकी एकाचं डोमिसाइल असलं की 'टाइप बी'मधून राज्याचा उमेदवार म्हणून अर्ज करता येतो. एकाच घरचा मुलगा इंजिनीअरिंगला महाराष्ट्राचा आणि मेडिकलला बाहेरचा, हे मला आजवर पटलेलं नाही.

---

काका, सही नाही केली. दादाशी रात्री तासभर बोलले. तो आधी चिडला, मग गप्प झाला. भाच्याने राज्याचंच प्रमाणपत्र लॅमिनेट करून फाइलला लावलं होतं, केंद्राचा नमुना वेगळा असतो हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. आज दोघं सेतूवर गेले. धाकटी नववीत आहे, तीही पांढुर्ण्यालाच शिकते. तिचा दाखला दहावीच्या आधी नरखेडला आणायचं वहिनीने ठरवलंय.