पर्यटनाचा जीडीपीतला वाटा काढतात कसा?

प्रश्न: जीडीपीच्या तक्त्यात शेती दिसते, बांधकाम दिसतं, पण पर्यटन नावाची ओळच नाही, मग "इतके टक्के पर्यटनातून" हे येतं कुठून?

उत्तर १: ओळ नसणारच, कारण पर्यटन विकणाऱ्यावरून नाही, गिऱ्हाइकावरून ठरतं. एकाच हॉटेलात प्रवासीही जेवतो आणि शेजारचाही, बिल सारखंच, पण धरायचं फक्त प्रवाशाचं. त्यासाठी वेगळा हिशोब मांडतात, टूरिझम सॅटेलाइट अकाउंट. त्याची चौकट युनोच्या सांख्यिकी आयोगाने २००० साली मान्य केली, २००८ ला सुधारली.

उत्तर २: आणि पर्यटकाचा खर्च म्हणजे वाटा नव्हे हां! आयात केलेली दारू प्यायला तर तिची मूळ किंमत देशाबाहेरच गेली ना, मोजायचं ते मूल्यवर्धन, म्हणजे विक्रीतून बाहेरून विकत घेतलेल्या मालाचा-सेवांचा खर्च वजा केल्यावर उरते ती भर.

प्रश्नकर्ता: मग काही रिपोर्टात आकडा एवढा फुगलेला का?

उत्तर १: त्यात हॉटेलला चादरी पुरवणारा, त्याच्या कामगारांचा खर्च असं सगळं जोडलेलं असतं. सॅटेलाइट अकाउंटचा मुख्य आकडा फक्त थेट वाटा. दोन्ही शेजारी ठेवून भांडू नकोस राव.