लॉकडाऊन आणि घरातले जुने शिकारी: ठासणी, मुधोळ कुत्रं आणि सुकं मटण

माळावरचा (खानापूर तालुका, बेळगाव) विचारतो, एप्रिल २०२०:

लॉकडाऊन १४ तारखेला सुटेल सुटेल म्हणत होतो, आता ३ मेपर्यंत वाढला. आमच्या भागात घरटी एक तरी काका-मामा असा आहे, ज्याचं निम्मं आयुष्य रानाच्या कडेनं गेलं. पीक संरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची (नळीच्या तोंडातून दारूगोळा ठासून भरायची) बंदूक खुंटीवर, मुधोळ कुत्रं ओसरीवर, आणि दोघांचा मालक टीव्हीसमोर कोरोनाचे आकडे ऐकत चिडचिड करतोय. तीन-चार गोष्टी विचारायच्या आहेत. सुगी संपल्यापासून बंदुकीला हात लागलेला नाही, ती घरीच कशी साफ करायची? मटण मिळेल त्या दिवशी जास्त घेऊन वाळवून ठेवता येईल का? फ्रीजचा भरवसा नाही, वीज केव्हाही जाते. कुत्र्याला रानात नेता येत नाही, त्याचं काय करायचं? आणि या मंडळींचा दिवस कसा घालवायचा? 'योगा करा, पुस्तकं वाचा' सोडून सांगा बगा.

घोडा-चाप (जांबोटी):

आधी कायद्याचं सांगतो, म्हणजे पुढं वाद नको. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद आहे. ससा, तित्तर, घोरपड, डुक्कर काहीही. पीक संरक्षणाचा परवाना हा बंदूक बाळगायचा परवाना, जनावर मारायचा नव्हे. डुकरांनी पीक खाल्लं तरी कलम ११ खाली वनखात्याची लेखी परवानगी लागते. रस्ते ओस पडलेत म्हणून कुणी खांद्यावर टाकून निघू नये.

आता सफाई. सगळ्यात आधी बार भरलेला आहे का ते बघायचं. घोड्याखाली केप (बार उडवणारी टोपी) नाही याची खात्री करा. मग गज (बार ठासायची सळई) नळीत तोंडापासून तळापर्यंत सोडा आणि तोंडाशी बोटानं खूण धरा. गज बाहेर काढून नळीच्या बाहेरून लावा. टोक निपलच्या (केप बसते त्या तोटीच्या) बुडापर्यंत पोचलं तर नळी रिकामी. चार बोटं अलीकडे थांबलं तर आत बार आहे. तसं असेल तर घरी उपद्व्याप करू नका, आणि रिकामी करायला म्हणून परसात बार काढू तर अजिबात नका. तोंड भिंतीकडे करून कुलपात ठेवा आणि परवानाधारक कारागिराला फोन करा.

रिकामी असेल तर निपल पान्यानं काढा. काळ्या दारूची राख म्हणजे बहुतेक क्षार. ते पाण्यात विरघळतात, तेलात नाही. नुसतं रॉकेल फिरवून ठेवलेली नळी वरून चकचकीत दिसते, पण आतले क्षार हवेतला ओलावा ओढत बसतात आणि पावसाळ्यापर्यंत खड्डे पडतात. म्हणून उकळतं पाणी. दोनेक लिटर, नरसाळ्यानं, तोंडाकडून ओतायचं आणि निपलच्या भोकातून बाहेर पडू द्यायचं. नळी हाताला चटका देईल इतकी तापते, तेव्हा जाड फडकं गुंडाळा. तापलेली नळी आतून आपोआप सुकते, हा उकळत्या पाण्याचा दुसरा फायदा. मग गजाला सुती चिंध्या लावून फिरवा. पहिली काळी येईल, पाचवी-सहावी पांढरी आली की बास.

तेल शिलाई मशिनचं लावा, पातळ थर. खोबरेल नको, ते थंडीत गोठतं आणि चिकटून धूळ धरतं. दोन दिवसांनी कोरडी चिंधी पुन्हा फिरवून बघा. तांबूस डाग आला तर क्षार राहिलेत, सगळं परत करायचं. लाकडी दस्त्याला जवसाचं तेल तळहातानं चोळा, पण त्या तेलाच्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवस हवेत सुकताना तापतं आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. पाण्यात बुडवा किंवा पसरून वाळवा.

आणि काका, खुंटीवर नको की ओ. पोरं दिवसभर घरात आहेत. कुलपाचं कपाट, तोंड खाली, म्हणजे तेल लाकडात उतरत नाही. रेक्झीनच्या म्यानात कोंडून ठेवलेली बंदूक आमच्या जांबोटी-कणकुंबीच्या दमट हवेत लवकर गंजते.

चुलीपाशी (अथणी):

मटण वाळवायचं तर आत्ताच, वळीव सुरू व्हायच्या आत. अथणी-रायबागकडं हवा कोरडी, दोन-अडीच दिवसांत काम होतं. खानापूरकडं चार धरा, आणि शेवटचा टप्पा चुलीच्या धुरावर करा.

बिनहाडाचं १ किलो घ्या, मांडीचं. चरबी जेवढी निघेल तेवढी काढा. चरबी वाळत नाही, खवट होते आणि सगळा डबा नासवते. रेषेच्या दिशेनं उभ्या पट्ट्या काढायच्या, वीतभर लांब आणि जाडीला करंगळीच्या निम्म्या. इथंच बहुतेकांचं बिघडतं. जाड पट्टी उन्हात वरून कडक होते, आतलं पाणी आतच कोंडतं, तिसऱ्या दिवशी वास सुटतो. मीठ ६० ग्रॅम, हळद दोन चमचे, ब्याडगी तिखट तीन चमचे. संकेश्वरी मिरची असेल तर दीड पुरे. चोळून चार तास झाकून ठेवा, सुटलेलं पाणी टाकून द्या, पुसू नका.

सुतळीत ओवून टांगा, पट्टीला पट्टी चिकटू नये. चिकटली तिथं ओल राहते आणि माशी नेमकी तिथंच अंडी घालते. वरून पातळ मलमलचं कापड सगळीकडनं बांधायचं, आणि ते मटणाला टेकू द्यायचं नाही. दिवस मावळायच्या आत घरात. रात्रीच्या दवानं दिवसभराची मेहनत वाया जाते. वाळल्याची खूण: वाकवली की चिरा पडतात, पण कटकन मोडत नाही, आणि चिरेत ओलसर लाल दिसत नाही. किलोचं साधारण ३५०-४०० ग्रॅम उरतं. ऊन उतरल्यावर पूर्ण गार करून मगच बरणीत. गरम भरलं की झाकणाला घाम येतो.

महिन्याच्या आत संपवा. वर पांढरं दिसलं तर ओलं बोट लावून बघा. दाणेदार असेल आणि विरघळलं तर मीठ. लोकरीसारखं असेल तर बुरशी, अख्खी बरणी टाकायची, धुऊन वापरायची नाही. करताना गरम पाण्यात पाऊण तास भिजवा, पहिलं खारट पाणी ओतून टाका, खलबत्त्यात ठेचा आणि हरभऱ्याच्या डाळीत घालून कुकरच्या चार शिट्ट्या. वाळवणं म्हणजे शिजवणं नव्हे, कच्चं चघळत बसू नका. आमटीत वेगळं मीठ घालायची गरज पडत नाही, चाखून बघा.

शेपटीवाला (मुधोळ रस्ता):

कुत्र्याचा खुराक आधी कमी करा. पळणं बंद आणि ताट तेवढंच, अशानं मुधोळ पंधरवड्यात अंगानं सुटतो. बरगड्या थोड्या दिसायला पाहिजेत, ते उपाशी नसतं, ती जातच तशी. २५ किलोच्या कुत्र्याला नाचणी किंवा तांदळाची कणी २०० ग्रॅम शिजवून, तीन अंडी, वाटीभर ताक, कोंबडीचे तुकडे मिळाले तर थोडे. हे दिवसाचं, दोन वेळेला वाटून. एकाच वेळी पोटभर घालून लगेच खेळवलं तर खोल छातीच्या कुत्र्यांचं पोट फुगून पीळ पडू शकतो. पोट टम्म आणि उलटीचे कोरडे उमाळे ही खूण. मग थांबायचं नाही, जनावरांचे डॉक्टर लॉकडाऊनमध्येही चालू आहेत.

एक या वर्षाचं खास. अथणी-विजापूरकडं द्राक्षं विकली न जाता पडून आहेत, लोक टोपल्याच्या टोपल्या वाटताहेत. कुत्र्याला एकही घालू नका, बेदाणेही नाहीत. मूत्रपिंडं जातात. कांदाही नको, शिजवलेली हाडंही नकोत.

व्यायामाला वेताची काठी, तिला तीन मीटर दोरी, दोरीच्या टोकाला चिंधी. चिंधी जमिनीलगत गोल फिरवायची. मुधोळ नजरेवर धावणारी जात, वासावर नाही, म्हणून हलतं दिसलं की झालं. सकाळी ऊन चढायच्या आत दहा मिनिटं, संध्याकाळी दहा. शहाबादी फरशीवर नको, वळताना नख उपटतं. शेवटी चिंधी पकडू द्या, नाहीतर ते दिवसभर अस्वस्थ राहतं. बोटांच्या बेचक्यात आणि कानात गोचीड रोज बघा. चिमट्यानं मुळाशी धरून सरळ ओढायची. शेतातलं औषध अंगाला लावू नका, ते चाटतं.

माग-काढ्या (कणकुंबी):

दिवस कसा घालवायचा याला माझं उत्तर: मागाचा वाफा, म्हणजे जनावरांच्या पावलांचे ठसे उमटायला केलेली जागा. परसाच्या कडेला, कुंपणाच्या फटीपाशी, मीटर बाय मीटर जागा साफ करा. बारीक माती चाळून दोन बोटं जाड पसरा, हातानं पाणी शिंपडा आणि फळीनं सपाट करा. चिखल नको, मूठ वळली तर धरेल इतपतच ओल. कोरड्या मातीत कडा ढासळतात, ओलीत पाय रुततो आणि माग मोठा वाटतो. खायला काही टाकू नका. खरकट्याला डुकरं येतात आणि भटकी कुत्री जमली की बिबट्या येतो. आपलं कुत्रं रात्री आतच.

बघायचं पहाटे, ऊन तिरकं असताना. दुपारी डोक्यावर ऊन आलं की सावली जाते आणि ठसा दिसेनासा होतो. चार बोटं आणि नखं दिसली तर कुत्रं किंवा कोल्हा, नखं नसतील तर मांजर वर्ग. पाच बोटं आणि बारीक नखं, ठसा लहान, तर मुंगूस. पाच बोटं पण तळवा मांसल, तर उदमांजर. सशाला तळव्याची गादी नसते, केस असतात, म्हणून ठसा पुसट. आणि पळताना मागचे लांब पाय पुढच्यांच्या पुढं पडतात, त्यामुळं दिशा उलटी वाचली जाते. डुकराच्या दोन खुरांच्या मागं बाहेरच्या बाजूला दोन टोचे उमटतात. साळिंदराचा ठसा लहान पोराच्या पावलासारखा, मागं काट्यांनी ओढलेल्या रेघा.

शेजारी काडेपेटी ठेवून वरून सरळ फोटो काढा, म्हणजे माप राहतं. म्हाताऱ्यांनी आधी नाव सांगायचं नाही, पोरांनी ओळखायचं. सकाळचे दोन तास आरामात जातात आणि भांडणंही चांगली होतात.

माळावरचा:

झकास. पाणी आजच तापवतो. एकच राहिलं. माग निघाला आणि डुकरं रोज भुईमुगात येताहेत असं दिसलं तर? शेजारचे कुंपणात करंट सोडायचा म्हणताहेत.

घोडा-चाप:

करंट सोडला तर पहिला बळी पाणी पाजायला पहाटे उठलेल्या माणसाचा, नाहीतर शेजाऱ्याच्या म्हशीचा. आणि गुन्हा वेगळाच. जुन्या साड्या कुंपणाला दुहेरी बांधा, खालची कड जमिनीला टेकलेली. डुक्कर नाकानं उचलून आत शिरतं, खाली फट ठेवली तर साडीचा काही उपयोग नाही. दर तीन-चार दिवसांनी साड्यांची जागा आणि रंग बदला, त्याला सवय लवकर होते. माळ्यावर (शेतातल्या मचाणावर) रात्री पाळी लावा, पण मास्क बांधून आणि एका माळ्यावर एकाच घरची माणसं. पत्र्याचा डबा वाजवा, बॅटरी मारा. नुकसान झालंच तर पंचनामा होईपर्यंत उकरलेलं रान तसंच ठेवा, फोटो काढा आणि वनखात्याच्या जवळच्या कार्यालयात फोन करून अर्ज कसा घेताहेत ते विचारा.