बँकॉकला आई-बाबांना नेताय? सुखुमवितला राहू नका, जुन्या शहरात राहा

वाटसरू_सांगली
बँकॉकला पहिल्यांदा जाणारे आपल्याकडचे बहुतेक लोक हॉटेल सुखुमवितलाच, म्हणजे मॉल-हॉटेलांच्या नव्या भागातच घेतात, कारण टूरवाले तेच सांगतात आणि आधी जाऊन आलेले नातेवाईकही तेच सांगतात. मित्रमित्र जात असाल तर घ्या खुशाल. पण सोबत साठी-सत्तरीतले आई-बाबा असतील तर माझं स्पष्ट मत आहे की हॉटेल जुन्या शहरात घ्या, सनम चाय मेट्रो स्टेशन किंवा था तियन धक्क्याच्या आसपास. ग्रँड पॅलेस म्हणजे तिथला राजवाडा सकाळी 8:30 ला उघडतो, अकरा वाजले की ऊन आणि दमटपणा दोन्ही मिळून जीव काढतात, आणि आत सगळं पायी फिरायचं. हॉटेल जवळ असलं की दुपारी खोलीवर येऊन दोन तास पडता येतं, मग उन्हं उतरल्यावर वाट फो (वाट म्हणजे देऊळ), तिथला 46 मीटर लांब निद्रिस्त बुद्ध बघून समोरच्या धक्क्यावरून फेरीबोटीने नदीपलीकडे वाट अरुण. सुखुमवितला राहिलात तर ही दुपारची विश्रांतीच जाते.

ठाणेकर_पश्चिम
अजिबात पटलं नाही. हा सल्ला 2019 च्या आधी बरोबर होता. आता एमआरटी म्हणजे मेट्रोची ब्लू लाइन थेट सनम चायपर्यंत जाते, सुखुमवित स्टेशनला बसा आणि गाडी न बदलता वाट फोच्या जवळ उतरा, ट्रॅफिकचा संबंधच नाही. आणि तुम्ही फक्त देवळांचा विचार करताय, बाकीच्या दिवसांचं काय? मॉल, बीटीएस म्हणजे पुलावरून धावणारी ट्रेन, पाऊस आला तर एसीत शिरायला जागा, रात्री दहाला भूक लागली तर चालत जाण्याइतकं जवळ भारतीय हॉटेल, हे सगळं सुखुमवितला आहे. जुन्या शहरात बऱ्याच गल्ल्या संध्याकाळी सामसूम होतात, आईबाबा कंटाळतात तिथे.

तिखटमीठ
माझ्यासाठी मुद्दा एकच, जेवण. सासूबाई कांदा-लसूणसुद्धा खात नाहीत. थाई स्वयंपाकात नाम प्ला म्हणजे माशांचा सॉस जवळपास सगळीकडे, नुसत्या भाजीतही ऑयस्टर सॉस घालतात, आणि नो मीट सांगितलं तरी सॉस हा त्यांच्या लेखी मीट नसतोच. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरात "जे" लिहिलेलं दुकान मात्र शोधा, त्यात मांस-मासे-अंडं काहीच नसतं आणि कांदा-लसूणही नसतो. ही गोष्ट आपल्याकडच्या लोकांना कुणीच सांगत नाही याचं मला फार वाईट वाटतं. पण रोज सकाळ-संध्याकाळ ते शोधत कोण फिरणार, म्हणून मी ठाणेकरांच्या बाजूने.

वाटसरू_सांगली
@तिखटमीठ, "जे" बद्दल शंभर टक्के सहमत. पण जेवणाचं म्हणाल तर सनम चायच्या पुढचंच स्टेशन सॅम योट, आणि तिथून पाहुरात चालत जाता येतं. पाहुरात म्हणजे बँकॉकमधली जुनी भारतीय पेठ, कापडाची दुकानं, मोठा गुरुद्वारा, आणि गल्लीत शाकाहारी जेवण, मिठाई सगळं. जेवणासाठी सुखुमवित धरून बसायचं कारण नाही.
@ठाणेकर, मेट्रो थेट आहे हे मान्यच, पण सनम चायहून पॅलेसच्या गेटपर्यंत एक किलोमीटरच्या वर चालावं लागतं, परत येताना तेच भर उन्हात, मग मेट्रो, मग सुखुमवितला उतरून हॉटेलपर्यंत परत चाल. एवढं झाल्यावर सत्तरीतला माणूस संध्याकाळी पुन्हा बाहेर पडत नाही हो.

ठाणेकर_पश्चिम
पाहुरातचा मुद्दा घेतला. पण पॅलेसभोवती "आज पॅलेस बंद आहे, मी 20 बाथमध्ये टुकटुकने फिरवतो" म्हणून रत्नांच्या दुकानात नेणारे उभे असतात, आणि तुम्ही आईबाबांना त्याच भागात ठेवा म्हणताय. एकटे खाली चहा प्यायला उतरले की गाठतीलच.

निवृत्त_मास्तर
मी स्वतः सत्तरीचा आहे, म्हणून बोलतो. ठाणेकर, त्या लोकांना आम्ही हाताळू शकतो, तिकीट खिडकी दुपारी 3:30 पर्यंत उघडी असते एवढं माहीत असलं की पुरे, कुणी काही सांगितलं तरी गेटपर्यंत स्वतः जायचं. खरी अडचण कपड्यांची, गुडघे-खांदे उघडे असतील तर आत सोडत नाहीत, साडी-सलवार-फुलपँट उत्तम. पॅलेसच्या आवारातल्या वाट फ्रा काएवच्या ओवऱ्यांमध्ये भिंतीवर रामकियेन म्हणजे त्यांचं रामायण रंगवलंय, 178 चित्रं, आणि 500 बाथ देऊन आत गेलेली आपली मंडळी सेल्फी काढून अर्ध्या तासात बाहेर येतात! आमच्या पिढीला तिथे निवांत अख्खी सकाळ द्या, त्यासाठी जवळच राहायला हवं.
पण वाटसरू, तुमचं नदीप्रेम मला धोक्याचं वाटतं. एक्स्प्रेस बोट धक्क्याला लागते न लागते तोच सुटते, हलत्या फळीवर गुडघ्याचं दुखणं असलेल्या माणसाने पाय टाकायचा कसा?

वाटसरू_सांगली
मास्तर, बरोबर, मी फेरीबद्दल बोलत होतो, ते नीट लिहायला हवं होतं, फरक सांगतो: था तियन ते वाट अरुण फेरी फक्त पलीकडे जाते-येते, काही मिनिटं थांबते, माणसं सावकाश चढतात. केशरी झेंड्याची एक्स्प्रेस बोट वेगळी, ती ऑफिस सुटायच्या वेळी टाळाच, त्यावेळी उभं राहायलाही जागा नसते. आणि विमानतळावरून पहाटे उतरलात तर सामान घेऊन मेट्रो बदलत बसू नका, मीटर टॅक्सी घ्या, मीटरवर विमानतळाचे ठरलेले जादा पैसे आणि टोल आपण द्यायचा.

तिखटमीठ
सॅम योटजवळ लिफ्ट असलेलं हॉटेल कुणाला माहीत असेल तर लिहा, दिवाळीनंतरचं बुकिंग करायचंय.