पहिली वर्षे आणि तिशीतला रक्तदाब

प्रश्न (राजारामपुरी, कोल्हापूर): माझा मुलगा दीड वर्षाचा आहे. या वयातील संगोपनाचा परिणाम पुढे रक्तदाबावरही होतो, हे खरे आहे का?

उत्तर १: होय. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायनात १९७२ मध्ये सुरू झालेल्या अबेसिडेरियन प्रकल्पात गरीब घरांतील बाळांना पाच वर्षांपर्यंत पोषण, खेळ आणि संभाषण यांची जोड मिळाली. तिशीच्या मध्यावर त्यांच्यातील पुरुषांचा रक्तदाब अशी जोड न मिळालेल्या पुरुषांपेक्षा कमी आढळला.

उत्तर २: मात्र ताई, हा भार केवळ आईवर टाकणे मला अन्यायाचे वाटते, कारण मजुरी, घर आणि स्वच्छ पाणी यांचाही त्यात वाटा असतो. अंगणवाडी योजना १९७५ पासून आहे. वजन-उंचीची नोंद तिथे करून घ्या.

उत्तर ३: आणि बाळाशी बोलत राहा, रंकाळ्यावर फिरतानासुद्धा.