‘मन राखणे’ की ‘मन जपणे’? (नीतिसूत्रे ४:२३)

नगरवाली
रविवारच्या शाळेतल्या मुलांसाठी पाठ लिहितेय. वचन आहे ‘आपल्या अंतःकरणाचे विशेष रक्षण कर’. मुलं ‘अंतःकरण’ला अडखळतात, म्हणून मी ‘आपलं मन राख’ असं केलं. मंडळीतल्या एका काकूंनी ते खोडलं: मन राखणे म्हणजे दुसऱ्याची मर्जी सांभाळणे. मुद्दा पटला. पण ‘मन जप’ म्हटलं तरी तीच गत, कारण आपण जपतो ते दुसऱ्याचं मन. पुढचं वचन वाकड्या बोलण्याबद्दल आहे. तिथं ‘तोंड सांभाळ’ लिहावं, तर ते थेट नळावरच्या भांडणातलं वाक्य. काय करू?

पूर्वपक्ष
अंतःकरण सोडू नका. मूळ हिब्रू वचनात अंतःकरणाला ‘लेव’ आहे, आणि ‘लेव’ म्हणजे नुसत्या भावना नव्हेत. विचार करणं, ठरवणं हेही ‘लेव’च करतो. आपल्याकडे मन, बुद्धी, चित्त, अहंकार या चौघांना मिळून अंतःकरण म्हणतात. इतका नेमका शब्द दुसरा नाही. मुलांना येत नसेल तर शिकवायचा, शाळा त्यासाठीच असते.

भीमथडी
पूर्वपक्ष, याला माझा सक्त विरोध. पंडिता रमाबाईंपेक्षा जास्त संस्कृत आपल्यापैकी कुणाला येतं? तरी केडगावला हिब्रू-ग्रीक शिकून त्यांनी बायबल मराठीत आणलं ते साध्या बायकांना वाचता यावं म्हणून. १९२२ साली त्या गेल्या, ग्रंथ पुरा बाहेर आला १९२४ साली. शब्द कळलाच नाही तर वचन मनात उतरणार कसं?

वसईचा
ताई, बोलण्यापुरतं ‘जपून बोल’ चालेल की. त्यात दटावणी नाही. माझी आजी रोज संध्याकाळी जपमाळ म्हणायची आणि आम्हाला सांगायची, जपून बोला. मला तर वाटतं जपणे म्हणजे सांभाळणे हे ‘जप’वरूनच आलं असणार. ज्याचं नाव सतत ओठांवर, त्याची काळजी आपोआप घेतली जाते.

पूर्वपक्ष
व्युत्पत्ती गोड आहे, पण आधार द्या. शिवाय ‘जपून बोल’मध्ये स्वतःला वाचवणं आहे. साहेबांसमोर आपण जपून बोलतो. असं बोलणारा मनात काहीही ठेवू शकतो. येशूने नेमकं यावर बोट ठेवलं आहे: अंतःकरणात जे भरलंय तेच तोंडावाटे निघतं.

माळरान
‘राखणे’वर एवढ्यात फुली मारू नका. मूळ क्रियापद ‘नात्सार’. नीतिसूत्रे २७:१८ मध्ये अंजिराचं झाड राखणाऱ्याला हेच क्रियापद आहे. ईयोब २७:१८ मध्ये राखणदार खोप उभारतो, तिथंही हेच. म्हणजे आपला ज्वारीतला माळाच! हुरड्याच्या दिवसांत चुलत्यांबरोबर मी माळ्यावर बसायचो. दिवस उजाडायच्या आत गोफण हातात घ्यावी लागते, कारण पाखरं पहिल्या उन्हाबरोबर उतरतात. गोफणीची वादी सोडली की फटकन आवाज होतो आणि अख्खा थवा उठतो, पण शेजारच्या ताटांवर परत बसतो. पाखरं येणारच, त्यांना बसू द्यायचं नाही एवढंच आपल्या हाती. वाईट विचारांचंही असंच असतं. म्हणून ‘मनाची राखण कर’ म्हणा. ‘मन राख’चा घोटाळा त्यात होत नाही. आणि स्तोत्र १४१:३ मध्ये ओठांच्या दारावर देवाने लक्ष ठेवावं अशी प्रार्थना आहे, तिथंही ‘नात्सार’च. मन आणि तोंड, दोन्हीकडे राखण एकच.

नगरवाली
हे फार आवडलं! मुलांना गोफण लगेच कळेल.

तळकोकण
थांबा. आमच्याकडे राखण म्हणजे राखणदाराला, म्हणजे जागेचं रक्षण करणाऱ्या देवाला, द्यायचा मान. वर्षातून एकदा कोंबडा, नारळ. आमचं घर तीन पिढ्या ख्रिस्ती आहे. राखण बंद केली म्हणून आजोबांना भावकीने बरंच ऐकवलं होतं. ‘मनाची राखण कर’ आमच्या प्रार्थनासभेत वाचलं तर म्हाताऱ्यांच्या डोळ्यांपुढे कोंबडा येईल. ‘पहारा’ घ्या, स्वच्छ शब्द आहे.

माळरान
एका भागातल्या रूढीपायी शब्दच टाकायचा? मग ‘गुराखी’चं काय करणार? त्यातही राखणेच आहे. पहारा तुरुंगावरही असतो, राखण जिवंत पिकाची असते. ‘त्यात जीवनाचा उगम आहे’ हे त्याच वचनात पुढे आहे.

वसईचा
पहारा ‘प्रहर’वरून ना? म्हणजे वेळ वाटून दिलेली पाळी. मनाला पाळी लावून कसं चालेल?

पूर्वपक्ष
व्युत्पत्तीने आजचा अर्थ ठरत नाही. चुलीतली राखसुद्धा ‘रक्षा’च. म्हणून राखणे म्हणजे जाळणे होतं का?

नगरवाली
काकूंना ‘राखण’ विचारते. पण जिभेचं राहिलंच. ‘जपून बोल’ नको, ‘तोंड सांभाळ’ नको, मग काय?

तळकोकण
सांगतो, पण आधी ते राखेचं. मालवणीत रखा म्हणतात तोही याच ‘रक्षा’तून आला का?