माणूस समजून घ्यायचाय, तर पहिलं पुस्तक काहनेमानचं द्यावं का?

तर्कट: माणसं अशी का वागतात यावर काय वाचू, असं विचारलं की लोक डोळे मिटून मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमानचं 'थिंकिंग, फास्ट अँड स्लो' (२०११) सुचवतात. नवख्याला ते देऊ नये. चौथ्या प्रकरणात म्हातारपणाशी जोडलेले शब्द वाचून तरुण पोरं हळू चालू लागतात, तो १९९६चा प्रयोग २०१२ मध्ये ब्रसेल्समध्ये इन्फ्रारेड सेन्सर लावून पुन्हा केला, तेव्हा परिणाम दिसला नाही. प्रयोग घेणाऱ्यांना आधीच तशी अपेक्षा दिल्यावर मात्र दिसला! तिसऱ्यात इच्छाशक्ती वापरली की 'खर्च' होते म्हटलंय. २०१६ मध्ये २३ प्रयोगशाळांनी ते तपासलं, हाती जवळपास शून्य. त्याच प्रकरणातले इस्रायली न्यायाधीश खाणं झाल्यावर जास्त पॅरोल देतात म्हणे. पण कैद्यांच्या अर्जांचा क्रम रँडम नव्हता. वकील नसलेले कैदी बहुतेकदा सत्राच्या शेवटी येत, आणि त्यांना एरवीही पॅरोल कमीच मिळतो.
त्यापेक्षा मेंदूशास्त्रज्ञ रॉबर्ट सापोल्स्कीचं 'बिहेव' (२०१७) द्या. शेवटची मेंदू, हार्मोन्स आणि प्रथिनांवरची तीन परिशिष्टं आधी वाचायची, मग पहिलं प्रकरण.

सावकाश: भुकेले न्यायाधीश सापोल्स्कीकडेही आहेत, ते चालतात वाटतं?
दोन प्रकरणांपायी ३८ प्रकरणांचं पुस्तक बाद करणं काही पटत नाही. अकरावं घ्या. १० किंवा ६५ वरच थांबणारं चक्र फिरवायचं आणि मग विचारायचं, संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देश किती टक्के? सरासरी उत्तरं २५ आणि ४५. हा अँकरिंगचा, म्हणजे आधी दिसलेल्या आकड्याकडे उत्तर ओढलं जाण्याचा परिणाम मोठ्या फेरतपासणीत भक्कम टिकला. प्रॉस्पेक्ट थिअरीही (जोखीम असताना माणसाला तेवढ्याच नफ्यापेक्षा तोटा जास्त बोचतो, हा सिद्धांत) २०२० मध्ये १९ देशांत तपासली गेली. परिणाम थोडे सौम्य, पण टिकले. नवख्याला १०, ११, २३, २६, ३४ या क्रमानं वाचायला सांगा. तिसरं-चौथं शेवटी, हातात पेन्सिल घेऊन.

तर्कट: असा क्रम कोण पाळतं? लोक पहिल्या पानापासून सुरू करतात आणि शंभरीच्या आत सोडतात. म्हणजे नेमका कच्चा भाग वाचून होतो. त्यात चौथ्या प्रकरणाचा सूर असा, की यावर अविश्वास दाखवायची सोयच नाही. छोट्या नमुन्यांवर, म्हणजे मोजक्याच लोकांवर केलेल्या अभ्यासांवर विसंबू नका हे सहकारी आमोस ट्वेर्स्कीबरोबर १९७१ मध्येच लिहिणारा माणूस हा! आपण तशाच अभ्यासांवर जास्त भरवसा ठेवला, हे त्यानं २०१७ मध्ये कबूल केलं. छापील प्रतीतलं चौथं प्रकरण मात्र तसंच.

पारावरचा: तुम्ही दोघंही प्रयोगशाळेतून बाहेर पडा की. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांचं 'द रिमेम्बर्ड व्हिलेज' (१९७६) वाचा. म्हैसूरजवळच्या गावात १९४८ मध्ये राहून केलेलं काम. १९७० मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्डला आगीत टिपणं जळाली, म्हणून बरंचसं आठवणीतून लिहिलेलं. भांडण, उधारी, मानपान कसे चालतात ते त्यात दिसतं.

सावकाश: वाचावंच. फक्त लेखक स्वतः ब्राह्मण, राहायला पाटलाच्याच एका घरात, त्यामुळे गाव वरच्या जातींच्या बाजूनं दिसतं, आणि हे ते स्वतःच सांगतात. दलित वस्तीतून तेच गाव कसं दिसलं असतं, ते या पुस्तकात शोधू नका.