मदत हवी आहे: मुलगा व्हेप (ई-सिगारेट) ओढतोय, त्याच्याशी बोलू कसं?

माझ्या 15 वर्षांच्या मुलाच्या दप्तरात पेन ड्राइव्हसारखं दिसणारं व्हेप सापडलं. खोलीत येणारा फळांचा गोडसर वास त्याचाच. तो म्हणतो, "नुसती वाफ तर आहे!" पण त्या वाफेत तापवलेल्या रसायनांचे बारीक कण असतात, बहुतेक वेळा निकोटिनही. मेंदूची वाढ साधारण पंचविशीपर्यंत चालते, त्यामुळे या वयात चटक पटकन लागते. ओढायला मिळालं नाही की त्याची चिडचिड होते, अभ्यासात लक्ष लागत नाही. मला त्याचीच जास्त धास्ती वाटते. ओरडलं तर लपवायला शिकेल, एवढं नक्की.

कुणी आपल्या मुलाला यातून बाहेर काढलंय का? सुरुवात कशी केलीत? आधी डॉक्टरांना दाखवावं की समुपदेशकाला? शाळेत सांगावं का? कृपया अनुभव लिहा.